निकोडेमस : गाव आपले होते, रेल्वे कुणाची होती?

गेल्या काही महिन्यांत आपल्या तरुण मित्रांच्या मोबाईलवर एक ठराविक प्रकारचे व्हिडिओ फिरत आहेत. अमेरिकेतले एखादे इवलेसे गाव, मैलोन् मैल गव्हाची शेते, लाकडी घरे, एक चर्च, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खाली लिहिलेले असते : खरे आयुष्य गावातच आहे. त्याखाली आपलीच पोरे बदाम टाकतात. आमच्या अभ्यासवर्गात एका कार्यकर्त्याने हाच व्हिडिओ दाखवून विचारले, "बाबासाहेबांनी गावावर एवढी कडक टीका केली, पण अमेरिकेतले गाव बघा किती सुंदर आहे. मग दोष गावाचा की आपल्या जातीचा?"

प्रश्न चांगला आहे. त्याला नुसती घोषणा देऊन उत्तर देता येणार नाही. म्हणून आम्ही एका खऱ्या अमेरिकन गावाचा इतिहास मांडायचे ठरवले. लहानात लहान गाव, आज तिथे दोन डझन माणसेही राहत नाहीत. पण हे गाव गुलामीतून सुटलेल्या माणसांनी स्वतः वसवलेले आहे. त्याचे नाव निकोडेमस. कॅन्सस राज्याच्या उत्तर-पश्चिम भागात, ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ ते आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याएवढा किंवा लहान जिल्ह्याएवढा प्रदेश. या अख्ख्या काउंटीत आज सुमारे अडीच हजार लोक राहतात, म्हणजे एका चौरस किलोमीटरला जेमतेम एक माणूस.

१८७७ : एका दाराचे बंद होणे

निकोडेमस का वसले हे कळायचे तर १८६५ पासून सुरुवात करावी लागते. यादवी युद्ध संपले, तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी कायद्याने संपली. पण गुलाम मोकळा झाला म्हणजे त्याला जमीन मिळाली असे झाले नाही. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन याने दक्षिणेच्या किनारपट्टीतील जमीन ४० एकरांच्या तुकड्यांनी मुक्त काळ्या कुटुंबांना देण्याचा आदेश काढला होता. लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत देण्यास सुरुवात झाली. कालचा गुलाम आज त्याच मालकाच्या शेतात वाटेकरी झाला. बी मालकाचे, अवजार मालकाचे, उधारीची वही मालकाच्या दुकानात. हंगामाच्या शेवटी हिशोब मालकानेच करायचा आणि वाटेकरी कायम देणेकरीच निघायचा. आपल्याकडे सालदार म्हणजे काय हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही दहा-बारा वर्षे एक आशा होती. दक्षिणेत केंद्र सरकारचे सैन्य होते, काळे पुरुष मतदान करत होते, निवडून येत होते. १८७७ मध्ये राजकीय सौदा झाला आणि राष्ट्राध्यक्ष हेझ याने सैन्याचे उरलेले संरक्षण काढून घेतले. मुखवटे घालून रात्री घरे जाळणाऱ्यांना रान मोकळे झाले. संविधानात हक्क लिहिलेला होता, पण तो बजावणारा हात मागे घेतला गेला. निकोडेमसची स्थापना नेमकी याच वर्षी झाली, हा योगायोग नाही.

कॅन्ससच का? कारण हे राज्य १८६१ मध्ये गुलामीला मनाई करणारे राज्य म्हणून संघात आले होते. गुलामीविरुद्ध हत्यार उचललेल्या जॉन ब्राउनची ही भूमी. दुसरे कारण होमस्टेड कायदा. १८६२ च्या या कायद्याने कुटुंबप्रमुखाला १६० एकर सरकारी जमीन थोड्याशा शुल्कात मिळे. अट एवढीच की पाच वर्षे तिथे राहून ती कसायची.

जमिनीतून निघणारा धूर

एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. तिच्यात बहुतेक काळे लोक होते. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ काळा होता, सचिव रेव्हरंड सायमन राउंडट्री काळा होता. पण सोबत डब्ल्यू. आर. हिल नावाचा एक गोरा जमीन-दलालही होता. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. कंपनीने केंटकी राज्यात पत्रके वाटली, चर्चांमधून सभा घेतल्या. चांगली जमीन, भरपूर पाणी, आपले स्वतःचे गाव. गावठाणातील एका भूखंडाला ५ डॉलर.

त्याच वर्षी सप्टेंबरात केंटकीच्या लेक्सिंग्टन परिसरातून सुमारे ३०० माणसे निघाली. रेल्वेने एलिस या स्टेशनपर्यंत, आणि तिथून पुढे पन्नास-पंचावन्न किलोमीटर उघड्या माळावरून चालत किंवा बैलगाडीने. पुढच्या वसंतात जॉर्जटाउनहून दुसरा जथा आला. एलिसमध्ये गोवराची साथ आली आणि मुले दगावली. मुलांना तिथेच पुरून आयांनी पुढची वाट धरली.

या दुसऱ्या जथ्यात विलियाना हिकमन ही बाई होती. तिची आठवण पुढे नोंदवली गेली आणि आज ती या गावाच्या इतिहासाचा भाग आहे. पुरुष ओरडले, आले निकोडेमस! तिने चहूकडे पाहिले, गाव कुठे दिसेना. नवऱ्याने बोट दाखवले तिकडे जमिनीतून धूर निघत होता. माणसे बिळांसारख्या खड्ड्यांत राहत होती, तेच गाव. ती रडू लागली.

त्या माळावर झाडच नव्हते, लाकूड कुठून आणणार? म्हणून उतारावर जमीन खणून त्यात राहायचे, वर फांद्या आणि माती. सरपणाला नदीकाठची काटकी, सूर्यफुलाची वाळकी ताटे आणि रानगव्यांच्या शेणाच्या वाळलेल्या पोळ्या. नांगर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, घोडे त्याहून कमी. बायकापुरुषांनी कुदळ-फावड्याने गवताळ जमीन फोडली. कित्येक पुरुष रेल्वेच्या कामावर नाहीतर पूर्वेकडच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे मजुरीला पायी गेले आणि मागे शेत बायकांनी सांभाळले. रानगव्यांची हाडे गोळा करून विकली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्या शिकारीतला वाटा दिला म्हणून माणसे जगली, असे गावाच्या मौखिक परंपरेत सांगतात.

पन्नास-साठ कुटुंबे हे पाहून मागे फिरली. जी राहिली त्यांच्याकडे तग धरण्याशिवाय पर्याय नव्हता.

इथे एक गोष्ट आम्हाला स्पष्ट लिहायची आहे. जी जमीन होमस्टेडखाली 'मोकळी' म्हणून वाटली जात होती, ती मोकळी नव्हती. पॉनी, कान्सा, शायेन अशा मूळ रहिवासी लोकांना हुसकावून ती मोकळी करण्यात आली होती. एका शोषिताला न्याय देताना राज्यसत्तेने दुसऱ्या शोषिताच्या ताटातला घास उचलला. गुलामीतून आलेल्या माणसांनी हा कट रचला नव्हता, पण इतिहास सांगताना ही बाजू झाकली तर आपणही ब्राह्मणी इतिहासकारांसारखेच सोयीचा इतिहास लिहिणारे ठरू.

आपले गाव म्हणजे काय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लहान गावातले आयुष्य कसे असते? निकोडेमसपुरते उत्तर असे की, ते गरिबीचे होते पण ताठ मानेचे होते.

सगळ्यात आधी शाळा. जेनी स्मिथ फ्लेचर हिने जमिनीत खणलेल्या घरात मुले गोळा करून शिकवायला सुरुवात केली. काही वर्षांपूर्वीपर्यंत दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हा गुन्हा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या खड्ड्यातल्या शाळेची किंमत कळते. १८७९ मध्ये तिथे रीतसर शालेय जिल्हा झाला, ग्रॅहम काउंटीतला पहिला. म्हणजे त्या भागात गोऱ्यांच्या वस्त्यांच्या आधी काळ्यांच्या गावाने शाळा उभी केली. जेनीचा नवरा झेड. टी. फ्लेचर याने टपाल कार्यालय आणि पुढे सेंट फ्रान्सिस नावाचे हॉटेल चालवले.

दुसरी गोष्ट स्वाभिमानाची. सुरुवातीच्या उपासमारीत गावाने बाहेरून मदत मागितली, ती मिळालीही. पण दान आले की दानाच्या वाटपावरून भांडणे येतात, दान आणणारा पुढारी होतो. १८७९ मध्ये गावाने वसाहतीच्या नावाने मदत मागणे बंद करायचे ठरवले. आपल्या चळवळीत ज्यांनी मदतनिधीचे राजकारण जवळून पाहिले आहे, त्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट सत्तेची. एडवर्ड मॅककेब हा शिकलेला काळा तरुण १८७८ मध्ये तिथे आला. तो ग्रॅहम काउंटीचा क्लार्क झाला. आणि १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला, १८८४ मध्ये पुन्हा. राज्याच्या खर्चाचे हिशोब तपासणारे हे पद, आणि राज्यभराच्या बहुसंख्य गोऱ्या मतदारांतून निवडून आलेला काळा माणूस. मळलेल्या माळावरच्या एका वस्तीतून हे घडले, कारण त्या वस्तीत काळ्या माणसाला मतपेटीपर्यंत जाताना कुणी रस्ता अडवत नव्हते.

१८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जमिनीतला धूर वर आला होता. दगडी आणि लाकडी इमारती, दुकाने, हॉटेले, औषधांचे दुकान, बँक, चर्चे, दोन वृत्तपत्रे, बेसबॉलचा संघ, वाद्यवृंद. काही गोरे व्यापारीही गावात दुकान थाटून होते आणि काळ्यांच्या गावात काळ्यांच्या शेजारी राहत होते. दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला मुक्तिदिन साजरा होई. वेस्ट इंडीजमधील ब्रिटिश वसाहतींत १८३४ मध्ये गुलामी उठली त्याची ती आठवण.

आता हेच चित्र त्या काळच्या इतर लहान अमेरिकन गावांशेजारी ठेवा. अमेरिकेत शेकडो लहान गावे अशी होती जिथे सूर्य मावळल्यानंतर काळा माणूस दिसता कामा नये असा दंडक होता. काही ठिकाणी वेशीवर तशी पाटीच लावलेली असे. त्यांना सूर्यास्त-गावे म्हणतात आणि जेम्स लोवेन या इतिहासकाराने २००५ मध्ये त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या पोरांच्या मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओतल्या त्या शांत, सुंदर गावाला एकदा विचारले पाहिजे : संध्याकाळी सहा वाजल्यानंतर तुझ्या रस्त्यावर कोण चालू शकत होते?

गावाची शांतता सगळ्यांसाठी एकसारखी नसते. वेशीच्या आत बसलेल्याला ती शांतता वाटते. बाहेर ठेवलेल्याला ती दहशत असते.

रूळ नदीच्या पलीकडून गेले

मग असे चाललेले गाव मोडले कसे? कुणी जाळले नाही, हल्ला केला नाही. ते एका निर्णयाने मोडले आणि तो निर्णय गावाच्या हातात नव्हता.

त्या माळावर रेल्वे म्हणजे जीव होता. रेल्वे आली तर गहू बाजारात जाणार, लाकूड-कोळसा स्वस्त मिळणार, नवी माणसे येणार. १८८७ मध्ये मिसुरी पॅसिफिक कंपनीची लाईन येणार अशी बोलणी सुरू झाली. निकोडेमसच्या मतदारांनी कंपनीला देण्यासाठी १६,००० डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी जी माणसे सूर्यफुलाची ताटे जाळून हिवाळा काढत होती, त्यांनी आपल्या भविष्यावर एवढे कर्ज घेण्याची तयारी दाखवली. मिसुरी पॅसिफिक आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचे रूळ पडले ते सॉलोमनच्या दुसऱ्या बाजूने, काही मैल बाजूला. तिथे रेल्वे कामगारांची छावणी होती, तिचे बोग नावाचे गाव झाले. निकोडेमसचे दुकानदार एकामागोमाग बोगला गेले. काहींनी दुकानाची इमारतच उचलून नेली.

आणि तो डब्ल्यू. आर. हिल? त्याच काउंटीत त्याने आपल्या नावाचे दुसरे गाव वसवले, हिल सिटी. ते पुढे काउंटीचे मुख्य ठिकाण झाले आणि आजही आहे. कचेरी तिथे, न्यायालय तिथे, मोठी शाळा तिथे. काळ्यांच्या हातून माळ वसवून घेतला आणि कचेरी गेली दलालाच्या नावाच्या गावाला. प्रत्येक रूळ केवळ द्वेषाने वळवला गेला असे आम्ही म्हणत नाही. रेल्वे कंपन्यांनी गोऱ्यांची गावेही अशीच मारली. पण गोऱ्या गावातून उठलेला गोरा माणूस पुढच्या कोणत्याही स्टेशनावर दुकान मांडू शकत होता. निकोडेमसमधून उठलेल्या काळ्या माणसाला पुढच्या गावात रात्री थांबता येईल की नाही हेच ठरलेले नव्हते. संकट सारखे असले तरी ज्याच्या मागे जात किंवा वंश उभा आहे त्याला ते वेगळे भेटते.

मॅककेबचे पुढे काय झाले तेही पाहा. तो ओक्लाहोमात गेला आणि १८९० मध्ये लँगस्टन हे काळ्यांचे गाव वसवण्यात पुढे होता. १९०७ मध्ये ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळाला आणि विधिमंडळाने पहिल्याच विधेयकाने रेल्वेच्या डब्यांत गोरे-काळे वेगळे केले. मॅककेबने रेल्वे कंपनीविरुद्ध खटला लढवला. १९१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला दिलासा नाकारला. १९२० मध्ये तो गरिबीत वारला. ज्याचे गाव रेल्वेने बाजूला टाकले त्याला रेल्वेच्या डब्यातही बाजूला बसवले गेले. १९१४ मध्ये हा निकाल लागला तेव्हा भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होता.

नंतरची शंभर वर्षे

रेल्वे गेल्यावरही निकोडेमस मेले नाही. दुकाने गेली, शेतकरी राहिले. गहू, ज्वारी, जनावरे. हो, ज्वारीच, पण तिथे ती भाकरीसाठी नाही तर मुख्यतः जनावरांसाठी पिकते. पाऊस वर्षाला सुमारे २० ते २२ इंच, तोही बेभरवशाचा. ओल्या प्रदेशात १६० एकर म्हणजे श्रीमंती. या कोरड्या माळावर मात्र १६० एकरांत कुटुंब जेमतेम तगते. १९३० च्या दशकात जागतिक मंदी, दुष्काळ आणि धुळीची वादळे एकदम आली. तरुण शहरांकडे गेले. १९५० पर्यंत गावाची वस्ती विसाच्याही खाली आली. १९५३ मध्ये टपाल कार्यालय बंद झाले, १९६० मध्ये शाळा.

जे शेतकरी राहिले त्यांच्यापुढे तिसरा शत्रू होता, तो म्हणजे कर्ज देणारे टेबल. अमेरिकेत शेतकऱ्याला केंद्रीय कृषी खात्याचे कर्ज स्थानिक समित्यांमार्फत मिळे आणि त्या समित्यांवर गोरे शेतकरी. काळ्याचा अर्ज पडून राहायचा, पेरणी उलटून गेल्यावर मंजूर व्हायचा किंवा नामंजूर व्हायचा. मग हप्ता थकला की जमिनीचा लिलाव. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे ९,२५,००० काळे शेतकरी होते, म्हणजे दर सात शेतकऱ्यांत एक. १९९७ पर्यंत ते २०,००० च्याही खाली आले. त्याच वर्षी काळ्या शेतकऱ्यांनी खात्याविरुद्ध पिगफर्ड खटला दाखल केला. १९९९ मध्ये तडजोड झाली, २०१० मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी १२५ कोटी डॉलरची रक्कम ठरली. पण गेलेली जमीन परत आली नाही. जमीन हिसकावायला बंदूक लागत नाही, फाईल दाबून ठेवली तरी पुरते. आपल्याकडे गायरानाच्या अतिक्रमणांची प्रकरणे ज्या कार्यकर्त्यांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवत चालवली, त्यांना हे नवे नाही.

आज निकोडेमसमध्ये किराणा दुकान नाही, शाळा नाही, पेट्रोल पंप नाही. मुले बसने बाहेरच्या शाळेत जातात. दुधापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यासाठी मोटार काढावी लागते, आणि म्हातारपणी मोटार चालवणे सुटले की गावही सुटते. हजारो एकर शेती मोजकी माणसे अवाढव्य यंत्रांनी करतात. हे एकट्या निकोडेमसचे नाही, तो सगळा गव्हाचा पट्टा असाच ओस पडत चालला आहे, गोऱ्यांची गावेही. व्हिडिओत जी निवांत शांतता दिसते, तिच्यातली बरीचशी शांतता म्हणजे माणसे निघून गेल्याची शांतता आहे.

पण निकोडेमसमध्ये एक गोष्ट उरली. मुक्तिदिनाच्या परंपरेतून दरवर्षी जुलैच्या अखेरीस घरवापसीचा सोहळा होतो. डेन्व्हर, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया अशा दूरदूरच्या ठिकाणांहून शेकडो वंशज येतात. मिरवणूक, प्रार्थना, जेवणे, नातवंडांना कबरी दाखवणे. १९७६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक खुणेचा दर्जा मिळाला. अँजेला बेट्स या वंशज महिलेने इतिहास संस्था उभारून पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. शाळा, दोन चर्चे, फ्लेचरांचे हॉटेल आणि १९३० च्या दशकात बांधलेले टाउनशिप सभागृह, अशा पाच इमारती जपल्या जात आहेत. गावातून व्हेरिल स्वित्झर हा फुटबॉलपटू निघाला, १९५४ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला, आणि त्याने आपल्या गावाशी आणि शेतीशी नाते तोडले नाही.

बाबासाहेबांनी काय पाहिले होते

आता आपल्याकडे येऊ. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भारतीय गावावर केलेली टीका आपल्याला पाठ असते. पण ती टीका ऐकून काहीजण समजतात की त्यांचे एकच म्हणणे होते, गाव सोडा. ते अपुरे आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी ती मागणी कलमांच्या भाषेत मांडली : सरकारी वसाहत आयोग असावा, सरकारच्या पडीक जमिनी त्याच्या ताब्यात द्याव्यात, नवी जमीन विकत घेण्यासाठी केंद्राने निधी द्यावा. आणि त्याच निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन सामुदायिक पद्धतीने कसावी आणि त्यासाठी पाणी, अवजारे, बियाणे राज्याने पुरवावे असेही लिहिले.

निकोडेमसचा इतिहास वाचल्यावर या दोन कलमांचा एकमेकांशी संबंध काय तो कळतो. निकोडेमसला जमीन मिळाली, पण राज्याचा आधार मिळाला नाही. आयोगाऐवजी दलाल मिळाला. निधीऐवजी पाच डॉलरची पावती. भांडवलाऐवजी कर्जरोखे. प्रत्येकाला सुटे १६० एकर मिळाले, पण अवजार, पतपुरवठा, वाहतूक यांपैकी काहीच हातात नव्हते. १९१८ मध्येच बाबासाहेबांनी भारतातील छोट्या शेतजमिनींवर निबंध लिहून दाखवले होते की, शेत किती मोठे आहे एवढाच प्रश्न नसतो, त्या शेतामागे भांडवल आणि अवजार किती आहे हा प्रश्न असतो. नुसती वेगळी वस्ती म्हणजे मुक्ती, असे त्यांनी कधीच मानले नाही.

काही मित्र विचारतील, वेगळी वस्ती म्हणजे पुन्हा गावकुसाबाहेरच राहणे नाही का? नाही. गावकुसाबाहेरचा महारवाडा गावाच्या कामासाठी गावाने ठेवलेला होता. त्याचे पाणी, त्याची भाकर, त्याचे वतन गावाच्या हातात होते. म्हणून तर १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. निकोडेमस कुणाच्या कामासाठी वसले नव्हते. दुसऱ्याने ठेवलेली वेगळी जागा म्हणजे बहिष्कार. स्वतः उभी केलेली वेगळी जागा म्हणजे तळ, जिथून पुढची लढाई करता येते. मॅककेब त्या तळावरून राज्याच्या कचेरीपर्यंत गेला.

आणखी एक आक्षेप येतो : वंश आणि जात एक नाहीत, मग ही तुलना कशाला? एक नाहीत, हे खरे आहे. पण १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली, ती तुलना जुळवायला नाही, लढण्याची रीत समजून घ्यायला. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी संघटनेला पँथर नाव दिले तेही त्याचसाठी. आपल्यालाही निकोडेमसकडून शिकायचे आहे ते रीतीपुरतेच.

ती शिकवण आम्हाला अशी दिसते. शाळा आधी, मग बाकी सगळे. मत देण्याचा निर्भय रस्ता असेल तर लहान वस्तीतूनही राज्यकर्ता निघतो. जमिनीच्या मागणीला पाणी, पतपुरवठा, रस्ता आणि बाजार यांची मागणी जोडलेली नसेल, तर मिळालेली जमीन पुढच्या पिढीत निसटते. आणि सगळे निसटले तरी आठवण जपली, वर्षातून एकदा मुलांना घेऊन त्या जागी गेले, तर गाव हरत नाही.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यातून गायरानाचा जो तुकडा कुठे कुठे हाती आला, तो आज कुणाच्या नावावर आहे? सातबारावर कुणाचे नाव आहे, वाट कुणाच्या बांधावरून जाते, विहिरीला वीज आहे का? मित्रांनो, हे प्रश्न विचारायला कॅन्ससला जावे लागत नाही. आपल्या गावच्या तलाठी कार्यालयात जाऊन उतारा काढला तरी पुरे.

आणि तो गव्हाच्या शेतांचा व्हिडिओ पुन्हा समोर आला, तर बदाम जरूर टाका. पण त्याआधी एवढे विचारा : ही जमीन आधी कुणाची होती, हे गाव कुणी वसवले, आणि रूळ कुणी कुठून नेले?

जय भीम!